कारखान्यातले इंडेंट सॉफ्टवेअरमध्ये नीट कसे बसवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळ मच्छेला फौंड्री, उद्यमबागेत मशीन शॉप आणि आता शिनोळीला असेंब्लीचं नवं युनिट. वर्षभरापूर्वी ईआरपीनेक्स्ट हे खरेदी, स्टॉक आणि उत्पादनाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं, ओपनिंग स्टॉक भरला, रिऑर्डर लेव्हल (किती उरलं की पुन्हा मागवायचं तो आकडा) टाकल्या. तरीही सॉफ्टवेअर जे खरेदी करायला सांगतं ते रॅकवर पडून असतं, आणि जे खरंच संपलंय त्याबद्दल ते काही बोलत नाही. फोरमन चिठ्ठीवर माल नेतात, स्टोअरचा मुलगा संध्याकाळी चिठ्ठ्या घेऊन नोंदी करत बसतो. सॉफ्टवेअर चुकीचं घेतलं का, असं तुम्ही विचारलंय.

सॉफ्टवेअर बरोबर आहे. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणी उगम पावतात, आणि ते ठिकाण म्हणजे स्टोअरची खिडकी. बेळगावातल्या कारखान्यांत स्टोअर आणि प्लॅनिंग मिळून माझी बावीस वर्षं गेली. रॅकवर टांगायच्या बिन कार्डापासून सुरुवात केली, मग टॅली, मग दोन वेगवेगळ्या ईआरपी. प्रत्येक ठिकाणी हाच गुंता पाहिला आणि तो सुटतानाही पाहिला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तुमच्याकडे आज इंडेंट नाहीतच. फोरमन खिडकीवर येऊन चिठ्ठी देतो आणि माल घेऊन जातो, ती उचलीची पावती झाली. इंडेंट म्हणजे माल लागायच्या आधी सांगितलेली गरज: काय, किती, कुठल्या कामासाठी आणि मुख्य म्हणजे कधी. ‘कधी’ हा रकाना रिकामा असेल किंवा सगळीकडे आजचीच तारीख पडत असेल, तर सॉफ्टवेअरला पुढचं काही दिसतच नाही. प्लॅनिंगचं सगळं गणित तारखेवर चालतं. तुम्ही त्याला घडून गेलेलं तेवढं सांगताय आणि पुढे काय होणार हे विचारताय.

म्हणून तीन टप्पे वेगळे करा: मागणी, राखीव आणि उचल. मिस्त्रीने सांगितलं की गुरुवारी चाळीस व्हॉल्व्हची बॅच लावायची आहे, ती मागणी. स्टोअरने त्यासाठी माल नावावर बांधून ठेवला, तो राखीव. गुरुवारी सकाळी माल प्रत्यक्ष रॅकवरून हलला, ती उचल. चिठ्ठीच्या पद्धतीत हे तिन्ही एका क्षणात होतं, त्यामुळे मधला काळ सॉफ्टवेअरला कधी मिळतच नाही. आणि खरेदीवाल्याला धडपड करायला जो वेळ हवा असतो तो नेमका हाच.

आता तुमच्या दोन तक्रारींकडे येऊ.

ईआरपीनेक्स्ट रिऑर्डर ठरवताना नुसता हातातला स्टॉक बघत नाही. ते ‘प्रोजेक्टेड’ आकडा बघतं. हातात आहे ते, अधिक पीओ (खरेदी ऑर्डर) झालेलं, अधिक मागितलेलं पण अजून पीओ न झालेलं, अधिक उत्पादनातून येणारं, वजा राखीव. यातला ‘मागितलेलं’ हा भाग नीट समजून घ्या. मटेरियल रिक्वेस्ट म्हणजे सॉफ्टवेअरमधली मागणी, तिच्या एकाच फॉर्मवर हेतूचा रकाना असतो: खरेदी, ट्रान्सफर, इश्यू (स्टोअरमधून माल देणं) वगैरे. खरेदीच्या हेतूने टाकलेली रिक्वेस्ट उघडी पडून राहिली तर सॉफ्टवेअर समजतं की माल येणार आहे, आणि ते गप्प बसतं. इश्यूच्या हेतूने टाकलेली रिक्वेस्ट उघडी राहिली तर ते समजतं की माल जाणार आहे, आणि खरेदी करा म्हणून मागे लागतं. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारी झाल्या. कुठेतरी कुणीतरी हौसेने खरेदीच्या रिक्वेस्ट टाकल्यात ज्यांचे पीओ झालेच नाहीत, आणि कुठेतरी इश्यूच्या रिक्वेस्ट आहेत ज्यांचा माल चिठ्ठीवर गेला पण नोंद त्या रिक्वेस्टला न जोडता वेगळीच झाली.

आकड्यांत बघा. समजा एका मापाच्या ओ-रिंग हातात १,२०० आहेत, पीओवर ५००, आणि उघड्या इश्यू रिक्वेस्ट ९०० च्या. सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीला कायम ठेवायचा माल, ३०० ठेवायचाय. मग १,२०० अधिक ५०० वजा ९०० म्हणजे ८००, त्यातून ३०० बाजूला, मोकळे उरले ५००. पुढच्या आठवड्याच्या बॅचला ६०० लागणार असतील तर सॉफ्टवेअर १०० घ्यायला सांगेल. पण त्या ९०० पैकी ४०० दोन महिन्यांपूर्वीच चिठ्ठीवर गेलेत, फक्त रिक्वेस्ट उघडी आहे. ते ४०० हातातल्या आकड्यातून एकदा वजा झालेच आहेत आणि रिक्वेस्टमुळे दुसऱ्यांदा वजा होताहेत. त्या रिक्वेस्ट बंद केल्या की मोकळे ९०० दिसतात आणि खरेदीची गरजच उरत नाही. अशा वीस-पंचवीस वस्तू झाल्या की महिन्याच्या शेवटी मालक विचारतात, स्टोअरमध्ये एवढा पैसा का अडकला? तो इथे अडकतो.

तर पहिलं काम स्वच्छतेचं आहे. सगळ्या उघड्या मटेरियल रिक्वेस्टची यादी काढा, तारखेप्रमाणे लावा, तीस दिवसांपेक्षा जुन्या प्रत्येकीवर त्या-त्या फोरमनसमोर बसून निर्णय घ्या. अजून हवी आहे का? हवी असेल तर नवी तारीख. नको असेल तर ‘स्टॉप’. पहिल्या वेळी पूर्ण दिवस जातो. त्यानंतर दर शनिवारी अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास कधीच सोडू नका. मी ज्या-ज्या ठिकाणी हा शनिवार चुकवला तिथे दीड-दोन महिन्यांत यादी पुन्हा तशीच साचली.

दुसरं, फोरमनच्या स्क्रीनवरून ‘खरेदी’ हा हेतूच काढून टाका. हा माझा ठाम सल्ला आहे. फोरमनने फक्त ‘मला हे हवंय’ एवढं सांगायचं. ते रॅकवरून द्यायचं, दुसऱ्या युनिटमधून आणायचं की बाजारातून, हे ठरवणं स्टोअरचं काम. शॉप फ्लोअरवरचा माणूस थेट खरेदी मागू लागला की तोच माल दोनदा येतो: एकदा त्याच्या रिक्वेस्टने आणि एकदा रिऑर्डरने. सॅपसारखी मोठी प्रणाली वापरणाऱ्यांकडे हेच काम मूव्हमेंट टाइपने, म्हणजे मालाच्या प्रत्येक हालचालीला दिलेल्या आकड्याने, वेगळं केलेलं असतं. प्रॉडक्शन ऑर्डरवर खर्च पडणारी उचल २६१, कॉस्ट सेंटरवर (विभागाच्या खर्चखात्यावर) पडणारी २०१, एका स्टोअरमधून दुसऱ्या स्टोअरमध्ये हलवणं ३११. तुमच्याकडे आकडे नसले तरी भेद तोच पाळा.

तिसरं, आणि याने फोरमनचा त्रास निम्मा होईल: ज्या मालाची गरज उत्पादनावरून हिशेबाने निघते, त्याचं इंडेंट माणसाकडून लिहून घेऊच नका. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत एमआरपीची (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे लागणाऱ्या मालाच्या नियोजनाची) मांडणी केली, तिचा गाभा हाच होता. जी गरज दुसऱ्या कशावर अवलंबून आहे तिचा अंदाज बांधायचा नाही, ती काढायची. एका व्हॉल्व्हला दोन ओ-रिंग लागत असतील आणि वर्क ऑर्डर दोनशे व्हॉल्व्हची असेल तर चारशे ओ-रिंग हा हिशेब आहे, त्यासाठी मिस्त्रीने चिठ्ठी का लिहायची? वर्क ऑर्डर सोडली की बीओएमवरून (एका नगाला काय-काय किती लागतं त्या यादीवरून) राखीव आपोआप पडलं पाहिजे आणि स्टोअरला पिक लिस्ट, म्हणजे रॅकवरून काढायच्या मालाची यादी, मिळाली पाहिजे. माणसाने मागायचं ते बीओएममध्ये न बसणारं: हातमोजे, कॉटन वेस्ट, ग्राइंडिंग व्हील, कुलंट, इन्सर्ट (टूलला लावायची कार्बाइडची टिप), मेंटेनन्सचे बेअरिंग आणि बेल्ट. बीओएम बरोबर नसेल तर आधी ते दुरुस्त करा. चुकीच्या बीओएमची भरपाई जादा इंडेंटने करायची सवय लागली की ती सुटत नाही.

फौंड्रीचं मात्र वेगळं आहे. वाळू, ती बांधून ठेवणारी बेंटोनाइट माती, कोल डस्ट यांचं एकेका साच्याला मोजून इश्यू करणं शक्य नाही आणि तसा आग्रह धरणं अन्यायाचं आहे. तिथे दिवसभरात ओतलेल्या टनांवरून खप वजा करा, म्हणजे बॅकफ्लश. आठवड्याला एकदा सायलोत आणि थैल्यांत खरोखर किती उरलंय ते मोजा आणि फरक वेगळ्या खात्यात टाका. तो फरक हळूहळू वाढत असेल तर एकतर रिजेक्शन वाढलंय किंवा प्रमाण बदललंय. दोन्ही गोष्टी फौंड्रीच्या साहेबांना कळायलाच हव्यात. इन्सर्ट आणि ड्रिलसाठी उलट, बॅकफ्लश अजिबात नको. जुनी झिजलेली टिप परत दिली की नवी, हा साधा नियम ठेवा. कार्बाइडच्या भंगाराला चांगला भाव आहे, आणि टिप किती जॉब चालली ते कळतं.

युनिटचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो तुमच्याकडे असणार. मोल्डिंगला माणूस ‘दोन घमेली’ मागतो, स्टोअर ‘एक थैली’ देतं, सॉफ्टवेअर किलो लिहितं. मी एका सकाळी स्वतः मोल्डिंगच्या मामांबरोबर काट्यावर उभा राहिलो. त्यांनी रोज भरतात तसं बेंटोनाइटचं घमेलं भरलं, वर हाताने सारखं केलं, आणि काट्यावर ठेवलं. मग दुसऱ्या पाळीच्या माणसाला भरायला लावलं. दोघांच्या घमेल्यात जवळजवळ तीन किलोंचा फरक निघाला. कुणाचीच चूक नव्हती. एकजण काठोकाठ भरायचा, दुसरा शीग लावून. त्या दिवसापासून आम्ही घमेल्याच्या आत रंगाची रेघ मारली आणि रेघेपर्यंतचं वजन सॉफ्टवेअरमध्ये एकक म्हणून टाकलं. बेंटोनाइटची थैली ५० किलोची, तेलाचं बॅरल २१० लिटरचं, इन्सर्टची डबी १० नगांची. ही रूपांतरं आयटम मास्टरमध्ये एकदाच नीट भरा आणि मागणी लोकांच्या एककात घ्या. त्यांना किलो लिहायला लावू नका. हिशेब मशीनला करू द्या.

नावांचंही तसंच. आपल्याकडे एकाच भट्टीवर बेळगावचा, गोकाकचा, बैलहोंगलचा आणि बिहारचा माणूस उभा असतो. एकजण वाळू म्हणतो, दुसरा उसुकु, तिसरा बालू, आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘सिलिका सॅण्ड एएफएस ५०-५५’. शोधून सापडलं नाही की माणूस जवळचं काहीतरी निवडतो किंवा नवीन आयटम उघडायला लावतो. मग एकाच मालाचे तीन कोड होतात आणि तिन्हींवर थोडा-थोडा स्टॉक दिसतो. आयटमच्या वर्णनात ही सगळी बोलीतली नावं देवनागरीत आणि कन्नडमध्ये भरा, म्हणजे शोधताना सापडतील. रॅकवर फोटो आणि क्यूआर लावा, मोबाइलवर स्कॅन करून मागणी टाकता आली तर उत्तमच. नवीन आयटम कोड उघडण्याचा अधिकार मात्र एकाच माणसाकडे ठेवा.

आता रात्रपाळीबद्दल, कारण सगळा हिशेब तिथे फुटतो. मी एका फौंड्रीत होतो तेव्हाची गोष्ट. एसजी आयर्नचं (मॅग्नेशियम घालून चिवट केलेल्या ओतीव लोखंडाचं) काम, ५०० किलोची इंडक्शन फर्नेस. रात्री पावणेअकराच्या सुमारास हीट (भट्टीतली धातूची खेप) तयार, टेम्परेचर घेतलं, लॅडल (ओतायचं भांडं) तापवून ठेवलेलं, मॅग्नेशियम ट्रीटमेंटचं मटेरियल तळाशी टाकायला तयार. इनॉक्युलंट (ओतण्याआधी धातूत टाकायचा दाणेदार मिश्रधातू) आणायला मुलगा स्टोअरला पळाला. चावी वॉचमनकडे. बिन उघडलं तर तळाशी अर्धी थैली, तीही ओलसर. मला फोन आला. मी घरून सिस्टीम उघडली तर तिथे सात थैल्या, १७५ किलो. एसजीमध्ये ट्रीटमेंट झाल्यावर मॅग्नेशियम मिनिटा-मिनिटाला उडत जातं, ओतायला दहा-बारा मिनिटांच्या वर वेळ नसतो, आणि इनॉक्युलंट कमी पडलं तर कास्टिंगमध्ये कार्बाइड राहतं, मशीन शॉपला ते टूल खातं. म्हणून ट्रीटमेंट केलीच नाही. धातू भट्टीत धरून ठेवला, शेजारच्या कारखान्यात फोन केले, तासाभराने हार मानून सगळा धातू पिगमध्ये, म्हणजे पुन्हा वितळवायच्या लाद्यांत, ओतला. मोल्डिंगच्या बायका-माणसांनी दिवसभर भरलेले साचे सकाळी तसेच उभे होते. ते साचे पाहिलेले मला आजही आठवतात.

कारण शोधलं तर साधं होतं. तीन आठवडे दुसरी पाळी थैल्या नेत होती आणि वहीत लिहीत होती. वहीवर सुपरवायझरची सही झाल्याशिवाय नोंद करायची नाही असा नियम मीच घातला होता. सुपरवायझर रजेवर होते. सहीसाठी वही थांबली, वहीसाठी नोंद थांबली, नोंदीसाठी रिऑर्डर थांबली. रिऑर्डर लेव्हल १०० किलो होती, सिस्टीमला १७५ दिसत होते, मग ती कशाला बोलेल?

त्या रात्रीनंतर मी मंजुरीबद्दलचं मत पूर्ण बदललं. उचलीची नोंद कधीही मंजुरीसाठी अडवायची नाही. माल हलला की नोंद हललीच पाहिजे, त्याच मिनिटाला. मंजुरी हवी असेल तर ती मागणीवर ठेवा, आणि तीही मोजक्याच ठिकाणी: महाग टूल, बजेटच्या बाहेरची मेंटेनन्सची वस्तू, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रमाण. हातमोज्यांना मॅनेजरची मंजुरी लावली की लोक एकदम दहा जोड मागतात आणि लॉकरमध्ये ठेवतात. रात्रपाळीसाठी लाइनजवळ छोटं उपस्टोअर करा, सॉफ्टवेअरमध्ये त्याला वेगळं वेअरहाऊस म्हणून उघडा, आणि संध्याकाळी सहाला मुख्य स्टोअरमधून रात्रीपुरता माल ट्रान्सफर करा. मुख्य स्टोअरला कुलूप लागतं आणि रात्रीचा माणूस अडत नाही. सकाळी उरलेलं मोजलं की रात्रीचा खप आपोआप कळतो. निगेटिव्ह स्टॉकची, म्हणजे सिस्टीममध्ये शिल्लक नसतानाही उचल नोंदवायची, परवानगी मात्र बंदच ठेवा. ती चालू असली की चुका दिसत नाहीत, नुसत्या पुढे ढकलल्या जातात.

रोजचं वेळापत्रक माझ्या अनुभवात असं चालतं. दुसऱ्या दिवशीच्या मागण्या दुपारी तीनपर्यंत. तीन ते पाच स्टोअर माल काढून ट्रॉलीवर लावतं, प्रत्येक ट्रॉलीवर विभागाचं नाव. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आत ट्रॉली लाइनवर. खिडकीवर रांग राहत नाही. तीननंतर आलेलं किंवा त्याच दिवशी हवं असलेलं सगळं ‘तातडी’ म्हणून नोंदवायचं आणि कारण निवडायचं: मशीन बिघडलं, प्लॅन बदलला, विसरलो, रिजेक्शन झालं. कुणाला रागवायचं नाही, द्यायचं. पण आठवड्याला ही कारणं मोजायची. ‘प्लॅन बदलला’ सगळ्यात जास्त असेल तर दोष स्टोअरचा नाही, ते मालकांना आकड्यानिशी दाखवता येतं. या एका यादीने माझ्या दोन कारखान्यांत प्लॅनिंग आणि स्टोअरचं भांडण मिटवलं.

अर्धवट दिलेल्या मालाचा नियम आधीच ठरवा. दहा मागितले, सहाच होते. उरलेल्या चारचं काय? माझा नियम: वर्क ऑर्डरसाठी असेल तर चार उघडे राहतात, तारीख पुढे जाते आणि खरेदीला दिसतात. कन्झ्युमेबल असेल तर तिथेच बंद, हवं तर पुन्हा मागा. आणि परतीची नोंद. बॅच संपल्यावर उरलेले बोल्ट, अर्धा डबा रेझिन, न वापरलेले फिल्टर हे बेंचखाली जातात. प्रत्येक लाइनवर ‘परत’ लिहिलेला एक लाल क्रेट ठेवा, स्टोअरच्या मुलाने रोज तो उचलून आणायचा आणि रिटर्न टाकायचा. लोक स्वतः परत करायला येत नाहीत, त्यांना वेळ नसतो.

आता शिनोळी. इथे सीमाभागातल्या बऱ्याच जणांची चूक होते, म्हणून नीट वाचा. मच्छे आणि उद्यमबाग एकाच राज्यात, एकाच जीएसटी नोंदणीखाली असतील तर त्यांच्यातला माल डिलिव्हरी चलनावर हलतो, कर नाही. पण वेंगुर्ला रोडने बाची ओलांडलं की महाराष्ट्र लागतो. शिनोळीच्या युनिटला वेगळा जीएसटी नंबर. मालक एकच, पॅन एकच, तरी कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या व्यक्ती, आणि त्यांच्यातला माल पैसे न घेताही पुरवठाच धरला जातो. म्हणजे टॅक्स इन्व्हॉइस, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी), आणि माल ५०,००० रुपयांच्या वरचा असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीचं ऑनलाइन बिल). शिनोळीला पूर्ण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत असेल तर इन्व्हॉइसवर दाखवलेली किंमतच धरली जाते, त्यामुळे किमतीचा घोळ होत नाही. पण कागद हवेतच. म्हणून शिनोळीचं इंडेंट सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफर म्हणून जाता कामा नये. ते आतल्या विक्री-खरेदीच्या जोडीत गेलं पाहिजे. ईआरपीनेक्स्टमध्ये इंटर्नल कस्टमर आणि इंटर्नल सप्लायरची सोय त्यासाठीच आहे. फोरमनला हे काही कळायची गरज नाही, तो तसाच ‘हवंय’ म्हणेल. मागचा फरक सिस्टीमने आणि अकाउंट्सने सांभाळायचा. शिवाय मध्ये ‘वाटेतला माल’ असं एक वेअरहाऊस ठेवा. टेम्पो निघाला आणि अजून पोचला नाही, तो माल दोन्हीकडे दिसतो किंवा कुठेच दिसत नाही, यातून सुटका होते.

प्लेटिंग, हीट ट्रीटमेंटला माल कोल्हापूरला पाठवत असाल तर तेही इथेच सांगतो. राज्याबाहेर जॉबवर्कला (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) माल पाठवताना ई-वे बिल किमतीची मर्यादा न बघता लागतं. कच्चा माल एका वर्षात, भांडवली माल तीन वर्षांत परत आला पाहिजे. साचे, डाय, जिग, फिक्श्चर यांना ही मुदत नाही. मुदत टळली तर पाठवलेल्या दिवशीच विक्री झाली असं धरतात. म्हणून जॉबवर्कचा माल सॉफ्टवेअरमध्ये त्या पार्टीच्या नावाच्या वेअरहाऊसमध्ये ठेवा आणि दर महिन्याला वयाप्रमाणे बघा.

रिऑर्डर लेव्हल एकदा टाकून विसरू नका. सूत्र सोपं आहे: रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक सेफ्टी. बेंटोनाइट रोज सहा थैल्या म्हणजे ३०० किलो, कच्छहून ट्रक यायला दहा दिवस, तर ३,००० किलो, अधिक तीन दिवसांची सेफ्टी ९००, एकूण ३,९०० किलो. पण पावसाळ्यात हे चालत नाही. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातून येणारी वाळू फोंडा घाट चढून निपाणीमार्गे येते. जुलैत घाटात झाड पडलं किंवा दरड आली की ट्रक तिथेच. आली तरी ओली येते, वाळवायला वेळ आणि इंधन जातं. मी वाळूसाठी दोन लेव्हल ठेवायचो: मे महिन्याच्या मध्यात पावसाळ्याची चढवायची, ऑक्टोबरात उतरवायची. कॅलेंडरवर आठवण लावा, डोक्यात ठेवू नका. गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्यांचं तसंच. पुरवठादार बंद असतो ते दिवस लीड टाइममध्ये, म्हणजे माल यायला लागणाऱ्या दिवसांत, धरा.

स्वस्त आणि सतत लागणाऱ्या वस्तूंना, म्हणजे वॉशर, स्प्लिट पिन, खडू, कापड, मी इंडेंट लावतच नाही. दोन डबे ठेवायचे. पुढचा रिकामा झाला की मागचा पुढे, आणि रिकामा डबा स्टोअरला. तोच इंडेंट. टोयोटात ताइइची ओनो यांनी कानबानची जी पद्धत बसवली तिचं हे घरगुती रूप आहे, आणि आपल्या छोट्या कारखान्यांत ते फार छान चालतं.

सुरुवात कुठून करायची, तर सगळीकडे एकदम नको. उद्यमबागच्या मशीन शॉपपासून करा, तिथे वस्तू मोजता येतात. आधी पूर्ण मोजणी. खंडेनवमीला मशीन बंद असतात, सगळं धुऊनपुसून काढलेलं असतं, मोजणीला वर्षातला तो सगळ्यात चांगला दिवस. पण तोवर थांबू नका, एक रविवार काढा. मग जुन्या रिक्वेस्ट बंद. मग फोरमनच्या स्क्रीनवर चारच रकाने: वस्तू, किती, कुठल्या कामाला, कधी हवी. ‘कधी’मध्ये आजची तारीख आपोआप येऊ देऊ नका, तो रकाना रिकामा ठेवा आणि भरल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. रोज दहा वस्तू उचलून रॅकवरचा आणि स्क्रीनवरचा आकडा ताडून बघा. महिनाभर दहापैकी नऊ जुळायला लागले की फौंड्रीकडे वळा. शिनोळी सगळ्यात शेवटी, आणि तिथे जाण्याआधी तुमच्या सीएंना एकदा बसवून जीएसटीची जोडी तपासून घ्या.

आणि संध्याकाळी चिठ्ठ्यांची नोंद करणाऱ्या त्या मुलाला खिडकीवरच एक टॅब द्या. माल देतानाच नोंद झाली की त्याचे संध्याकाळचे दोन तास सुटतात. ते दोन तास त्याला मोजणीला लावा. स्टोअर कुणाला सगळ्यात जास्त कळतं, तर त्यालाच. त्याला विचारा की कुठले आकडे खोटे आहेत, तो यादी न बघता सांगेल.